जॉर्ज मुल्लर यांचे चरित्र व त्यापासून प्रार्थनेविषयी बोध

प्रार्थना करणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य होय, हे ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत बहुधा सापडणार नाही. तथापि ठाऊक असणे निराळे आणि करणे निराळे. रविवारच्या उपासनेत प्रार्थना होते, जेवणापूर्वी होते, आजाऱ्याच्या खाटेजवळ होते. परंतु पीक बुडाले, सावकार दारी येऊन बसला, किंवा उपदेशकाच्या गावी वर्षभरात एकही नवा ऐकणारा मिळाला नाही, म्हणजे ही आपली प्रार्थना खरोखर कोठे पोहोचते काय, असा संशय मनात शिरतो. असा संशय दाबून ठेवण्यापेक्षा त्याचा विचार करणे बरे. ज्यांनी या एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी आपले सर्व आयुष्य वेचिले, अशा एका सत्पुरुषाची हकीकत आम्ही आज प्रिय वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉर्ज मुल्लर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशिया देशातील क्रॉपेनस्टेट या गावी झाला. त्यांचे वडील सरकारी कर वसूल करणारे कामगार होते. मुलाने पुढे पाळक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु ती देवाच्या सेवेसाठी नव्हे, तर मुलास चांगले उत्पन्न मिळावे व आपणांस म्हातारपणी त्याच्या घरी सुखाने राहता यावे म्हणून होती. मुलाचे वर्तन तर फारच वाईट होते. वडिलांपाशी असलेल्या सरकारी पैशांतून तो वारंवार चोरी करी. चौदा वर्षांचा असता, ज्या रात्री त्याची आई मरणोन्मुख झाली होती, त्या रात्री तो दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत बसला होता. सोळाव्या वर्षी खानावळीचे पैसे बुडविल्यावरून त्यास तुरुंगात जावे लागले. पुढे तो हाल येथील विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागला. त्याच्यापाशी तीनशेंहून अधिक पुस्तके होती, परंतु त्यांत पवित्र शास्त्राची एकही प्रत नव्हती.

अशा तरुणाचे मन कशाने पालटले असेल? एखाद्या मोठ्या विद्वानाच्या व्याख्यानाने नव्हे. १८२५ च्या नोव्हेंबर महिन्यात एक मित्र त्यास शनिवारी संध्याकाळी वाग्नर नावाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी घेऊन गेला. तेथे काही साधी माणसे जमत, गीत गात, पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचीत, आणि छापील उपदेश वाचून दाखवीत. कारण दीक्षित पाळक हजर नसता शास्त्राचे विवरण करण्यास त्या देशाच्या कायद्याने मनाई होती. तेथे एका मनुष्याने गुडघे टेकून प्रार्थना केली. मुल्लर यांनी तोपर्यंत कोणासही गुडघे टेकून प्रार्थना करताना पाहिले नव्हते, व स्वतःही तसे कधी केले नव्हते. घरी जाताना त्यांच्या मनात आले की, त्या मनुष्यापेक्षा आपण पुष्कळ शिकलेले असूनही त्याच्यासारखी प्रार्थना आपल्याने करवणार नाही. त्याच रात्रीपासून त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले.

आपल्या लहानशा मंडळ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वाग्नरच्या घरी जमलेल्या त्या मूठभर माणसांस त्या रात्री आपल्या हातून काय घडले हे समजलेही नसेल. कोणाच्या ओसरीवर पाच-सहा माणसे कंदिलाच्या उजेडात प्रार्थनेस बसतात, तेव्हा दाराशी उभे राहून कोण पाहत आहे, हे आपणांस कधी सांगता येत नाही.

१८२९ साली मुल्लर यहूदी लोकांत काम करण्याच्या हेतूने लंडनास आले. परंतु लवकरच ते टेनमथ या गावच्या एका लहान मंडळीचे पाळक झाले. १८३० साली मेरी ग्रोव्ह्ज या बाईंशी त्यांचा विवाह झाला. हिंदुस्थानात मिशनरी म्हणून काम केलेले अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांची ती बहीण. त्याच वर्षी मुल्लर यांनी आपला ठरीव पगार सोडून दिला. कारण असे की, तेव्हा देवळात बसण्याच्या जागा भाड्याने देत, व त्या भाड्यातून पाळकाचा पगार निघे. त्यामुळे श्रीमंतांस चांगली जागा मिळे व गरिबांस मागे बसावे लागे. ही रीत ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून नाही असे त्यांस वाटले. देवळात एक पेटी ठेविली, व ज्यास जे द्यावेसे वाटेल ते त्याने तीत टाकावे, असा नियम झाला. १८३२ साली ते आपले मित्र हेन्री क्रेक यांजबरोबर ब्रिस्टल शहरी जाऊन राहिले. आणि तेच शहर शेवटपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

ब्रिस्टलात त्यांच्याकडे अनेक कष्टकरी लोक येत. कोणी दिवसाचे चौदा-सोळा तास राबून शरीर व आत्मा दोन्ही झिजवीत. काम कमी केले तर घरच्यांस खावयास मिळणार नाही, अशी त्यांस भीती वाटे. कोणास म्हातारपणाची धास्ती असे. देव पूर्वी ऐकत होता, परंतु आता या काळात तसे काही होत नाही, असेच जणू सर्वांच्या मनाने घेतले होते. तेव्हा मुल्लर यांनी विचार केला की, देव आजही तोच आहे याचे डोळ्यांनी दिसणारे एखादे प्रमाण या लोकांपुढे असावे. आपल्यासारख्या निर्धन मनुष्याने कोणापाशीही याचना न करता, केवळ प्रार्थनेच्या बळावर, अनाथ मुलांचे घर चालविले, तर दुबळ्यांचा विश्वास दृढ होईल. अनाथांवर दया करणे हा हेतू होताच. परंतु हा पहिला हेतू होता. हाल येथे पूर्वी फ्रांके नावाच्या धार्मिक पुरुषाने असेच अनाथगृह चालविले होते, व विद्यार्थी असताना मुल्लर काही दिवस तेथे राहिलेही होते.

१८३५ च्या डिसेंबर महिन्यात ८१ वे स्तोत्र वाचीत असता, तोंड चांगले उघडावे म्हणजे देव ते भरील, या अर्थाचे वचन त्यांच्या मनास लागले. त्याच्या आधारे त्यांनी देवापाशी घर, योग्य कामकरी आणि एक हजार पौंड मागितले. देणग्या येऊ लागल्या. कोणी ताटल्या दिल्या, कोणी कपाट दिले, कोणी कापड दिले. शिवणकाम करून आठवड्यास थोडेसे शिलिंग मिळविणाऱ्या एका अशक्त बाईने वारशाने आलेल्या पैशांतून शंभर पौंड आणून दिले. मुल्लर यांनी तिला पुनःपुन्हा विचार करावयास सांगितले. परंतु ती आपल्या निश्चयावरून ढळली नाही.

३ फेब्रुवारी १८३६ हा दिवस मुलांच्या अर्जांसाठी नेमिला होता. मुल्लर ठरल्या जागी जाऊन दोन तास बसले. पण एकही अर्ज आला नाही. परत येताना त्यांच्या ध्यानात आले की, आपण घरासाठी, पैशासाठी व कामकऱ्यांसाठी प्रार्थना केली, परंतु मुलांसाठी केलीच नाही. अनाथ मुले काय, हवी तितकी मिळतील, असे आपण गृहीत धरिले. त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे नम्र होऊन त्या गोष्टीसाठीही विनंती केली. दुसऱ्याच दिवशी पहिला अर्ज आला, व थोड्याच काळात चाळिसांहून अधिक मुलांसाठी अर्ज आले. ११ एप्रिल १८३६ रोजी विल्सन रस्त्यावरील एका भाड्याच्या घरात अनाथगृह सुरू झाले. बंधूहो, आपण ज्या गोष्टी सोप्या म्हणून आपल्या हातात ठेवितो, त्याच पुष्कळदा अडून राहतात.

आता कोणी म्हणेल की, एवढे झाल्यावर पुढचे सर्व सुलभ झाले असेल. तसे मुळीच झाले नाही. १८३८ पासून सुमारे पाच वर्षे वारंवार असे प्रसंग आले की, सकाळचे जेवण झाले तर संध्याकाळसाठी हाती काही नसे. उधार काहीही घ्यावयाचे नाही हा नियम असल्यामुळे वाण्याकडून माल आणून मागाहून पैसे देण्याची वाटही बंद होती. १८ सप्टेंबर १८३८ रोजी तर जे सामान नसले तरी चालेल ते विकावे की काय, असा विचार चालला होता. इतक्यात एक बाई आली, व लंडनकडून तिच्या मुलीने पाठविलेले तीन पौंडांहून काही अधिक पैसे तिने दिले. ती बाई चार-पाच दिवसांपूर्वीच ब्रिस्टलास येऊन अनाथगृहाच्या अगदी शेजारच्या घरात उतरली होती. म्हणजे इकडे प्रार्थना चालली असता उत्तर भिंतीपलीकडे येऊन थांबले होते. मुल्लर यांनी यावरून असे जाणिले की, देवास मदत करावयाची नव्हती म्हणून उशीर झाला नाही. विलंबाने विश्वासाची परीक्षा झाली, आणि मदत मिळाल्यावर आनंद अधिक झाला.

या सर्व काळात मुलांस एकही जेवण चुकले नाही, असे त्यांनी लिहून ठेविले आहे. सोबतच्या कामकऱ्यांस मात्र अनेकदा आपले स्वतःचे पैसे घालावे लागले. ते सर्व एकत्र जमून प्रार्थना करीत. परंतु बाहेरच्या मनुष्यास तंगीविषयी एक अक्षर सांगत नसत. १८४१ च्या डिसेंबरात वार्षिक सभा भरवून अहवाल वाचावयाचा होता. तो ऐकला असता लोकांनी पैसे दिले असते, यात संशय नाही. परंतु ही अप्रत्यक्ष याचना होईल असे वाटून त्यांनी सभा व अहवाल दोन्ही पुढे ढकलली.

याच १८४१ साली त्यांस एक गोष्ट उमगली, ती उपदेशक बंधूंच्या विशेष उपयोगाची आहे. पूर्वी ते सकाळी उठताच प्रार्थनेस लागत; परंतु मन इकडे तिकडे भटके, आणि कधी कधी अर्धा तास गेला तरी खरी प्रार्थना सुरू होत नसे. तेव्हापासून त्यांनी असा क्रम धरिला की, प्रथम पवित्र शास्त्राचा थोडा भाग सावकाश वाचावा, प्रत्येक वचनातून आपल्या जिवास काय खाद्य मिळते ते पाहावे, आणि त्यातून जी पापकबुली, जी उपकारस्तुती, जी विनंती निघेल ती तेथल्या तेथे करावी. येणेप्रमाणे वाचन व प्रार्थना एकमेकांत मिसळून गेली. दुसऱ्यांस काय सांगावे हे शोधण्यासाठी वाचावयाचे नाही, तर आधी स्वतः जेवावयाचे. ज्यास रोज दुसऱ्यांस वाढावे लागते, तो स्वतःच उपाशी राहण्याचा धोका फार असतो.

१८४५ साली शेजाऱ्यांस मुलांच्या गडबडीचा त्रास होतो असे पत्र आले, तेव्हा शहराबाहेर स्वतःची इमारत बांधण्याचा विचार निघाला. अ‍ॅशली डाउन येथील जमीन पसंत पडली. मालकास भेटावयास मुल्लर दोनदा गेले, पण भेट झाली नाही. तेव्हा यातही देवाचा हात असेल असे समजून ते स्वस्थ घरी परतले. दुसऱ्या दिवशी मालकाने सांगितले की, पहाटे तीनपासून पाचपर्यंत आपणांस झोप आली नाही, व ही जमीन अनाथगृहासाठी एकरी दोनशेंऐवजी एकशेवीस पौंडांस द्यावी असे मनाने घेतले. पहिली इमारत १८४९ साली तीनशे मुलांसाठी उघडली, आणि १८७० पर्यंत एकंदर पाच इमारती उभ्या राहून दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली.

१८५७ च्या नोव्हेंबरअखेर पहिल्या इमारतीतील पाणी तापविण्याचा बंब गळू लागला. त्याच्याच उष्णतेने सर्व घर ऊबदार राही. दुरुस्तीसाठी विस्तव विझविणे भाग होते, आणि नेमका तेव्हाच उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता. मुल्लर यांनी दोन गोष्टी मागितल्या : वारा दक्षिणेचा व्हावा, आणि नहेम्याच्या काळी कोट बांधणाऱ्यांस दिले होते तसे कामकऱ्यांस काम करावयाचे मन मिळावे. आदल्या संध्याकाळपर्यंत उत्तरेचाच वारा होता. नेमलेल्या दिवशी तो दक्षिणेचा झाला, व हवा अशी सौम्य झाली की विस्तवाची गरजच राहिली नाही. आणि कामकरी आपण होऊन रात्रभर काम करावयास तयार झाले. येथे हेही पाहावे की, मुल्लर यांनी प्रार्थना केली आणि कारागीरही बोलाविले. हात जोडले म्हणून हातपाय हालवावयाचे सोडिले, असे त्यांनी कधी केले नाही. आलेला प्रत्येक शिलिंग ते तारखेनिशी वहीत लिहीत, पावती देत, व वर्षाअखेर सर्व हिशेब छापून प्रसिद्ध करीत. ज्या मंडळीत प्रार्थना पुष्कळ पण दानपेटीचा हिशेब नाही, तिने या गोष्टीचा विचार करावा.

परंतु आमच्या वाचकांपैकी कोणी दुःखी बाप किंवा आई विचारील की, मुल्लर यांच्या सर्वच प्रार्थना त्यांच्या इच्छेप्रमाणे पुऱ्या झाल्या काय? नाही. त्यांचा तान्हा मुलगा दीड वर्षाचाही होण्यापूर्वी १८३५ साली वारला. ६ फेब्रुवारी १८७० रोजी त्यांची पत्नी एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर प्रभूकडे गेली. तिच्या आजारात त्यांनी प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? तरी तिच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी स्वतः उपदेश केला, आणि देवाने ती दिली हेही चांगले, इतकी वर्षे ठेविली हेही चांगले, व आता नेली हेही चांगले, अशी साक्ष दिली. पुढे १८९० च्या जानेवारीत ते आपल्याच देशात जबलपूर येथे असता, एकुलती एक कन्या लिडिया वारल्याची बातमी त्यांस कळली. ज्याने वारा फिरल्याचे पाहिले, त्याच्याही घरून प्रेते निघाली. यावरून असे दिसते की, प्रार्थना म्हणजे देवास आपल्या इच्छेप्रमाणे वळविण्याचा मंत्र नव्हे. बाप जे देतो ते घेणे, आणि तो जे देत नाही त्यातही त्याचा हात सोडून न देणे, ही दोन्ही प्रार्थनेतच येतात.

काही प्रार्थनांस उत्तर मिळावयास फार वर्षे लागली. १८४४ च्या नोव्हेंबरात ते पाच मनुष्यांच्या तारणासाठी रोज प्रार्थना करू लागले. आजारी असोत की प्रवासात असोत, त्यांनी एकही दिवस चुकविला नाही. दीड वर्षाने पहिला मनुष्य प्रभूकडे वळला, त्यानंतर पाच वर्षांनी दुसरा, आणि त्यानंतर सहा वर्षांनी तिसरा. ही हकीकत त्यांनी सांगितली तेव्हा उरलेल्या दोघांसाठी प्रार्थना चाललेलीच होती. ज्यास आपला भाऊ किंवा आपली सासुरवाडी अजून ख्रिस्ताकडे आली नाही म्हणून खेद वाटतो, त्याने या हिशेबाकडे पाहून धीर धरावा.

सत्तराव्या वर्षी मुल्लर उपदेशाच्या प्रवासास निघाले, व १८७५ पासून १८९२ पर्यंत त्यांनी बेचाळीस देशांत सुमारे दोन लक्ष मैल प्रवास केला. त्यांच्या हयातीत दहा हजारांहून अधिक अनाथांचे संगोपन झाले; संस्थेच्या साह्याने चाललेल्या शाळांत एक लक्ष वीस हजारांहून अधिक मुले शिकली; आणि सर्व कामासाठी सुमारे पंधरा लक्ष पौंड आले. त्यांस स्वतःसाठी मिळालेल्या पैशांतून त्यांनी सुमारे ८१,००० पौंड गुप्तपणे दान केले. मरणानंतर घरातील सामान व पुस्तके धरूनही त्यांची मालमत्ता दोनशे पौंडांची भरली नाही.

९ मार्च १८९८ रोजी संध्याकाळी, ब्याण्णव वर्षांचे असता, त्यांनी नेहमीप्रमाणे अनाथगृहातील प्रार्थनासभा चालविली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आलेल्या मनुष्यास ते पलंगाजवळ जमिनीवर गतप्राण झालेले आढळले. त्या पाच इमारती १९५८ साली विकल्या गेल्या, व आता तेथे अनाथगृह नाही. परंतु त्यांच्या प्रार्थनेचे फळ ब्रिस्टलात संपले नाही. आपल्या पंडिता रमाबाई यांनी लिहून ठेविले आहे की, मुल्लर यांची हकीकत, चीनमधील हडसन टेलर यांच्या मिशनची हकीकत आणि जॉन पेटन यांचे चरित्र वाचून त्यांच्या विश्वासास मोठे बळ आले. त्याच विश्वासाने त्यांनी दुष्काळातील मुलींस केडगाव येथे मुक्तिसदनात आसरा दिला. १९०५ च्या आरंभी तेथील स्त्रिया व मुली रोज प्रार्थनेस जमू लागल्या, आणि त्याच वर्षाच्या जून महिन्यात तेथे मोठी आत्मिक जागृती झाली. वाग्नरच्या घरी टेकलेल्या गुडघ्यांपासून पुणे जिल्ह्यातील केडगावापर्यंत ही वाट पोहोचली.

मुल्लर यांच्याप्रमाणे प्रत्येक उपदेशकाने पगार सोडावा, किंवा गरज असता बंधुजनांस सांगू नये, असे आमचे म्हणणे नाही. तो त्यांस मिळालेला विशेष पाचारणाचा मार्ग होता. आणि कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे हे प्रभूचेच शिक्षण आहे. परंतु त्यांच्या तीन गोष्टी गरिबातल्या गरीब मंडळीस करता येण्याजोग्या आहेत. सकाळी शास्त्राचा थोडा भाग वाचून त्यातूनच प्रार्थना करावी. ज्यास वाचता येत नाही त्याने घरच्या शाळकरी मुलाकडून वाचवून घ्यावा. ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची त्यांची नावे एका वहीत तारखेसह लिहावी, व उत्तर मिळाले म्हणजे तेही लिहावे, म्हणजे उपकारस्तुती विसरली जाणार नाही. आणि जी गोष्ट मागावयाची तिच्यासाठी आपल्या हातून होण्यासारखे जे असेल ते आळस न करता करावे. पावसाळ्यापूर्वी शेतकरी नांगरून ठेवितो. पाऊस पाडणे त्याच्या हाती नसते, परंतु नांगरलेल्या शेतातच पाऊस उपयोगी पडतो.

ज्या उपदेशकाच्या गावी अजून कोणी ऐकत नाही, त्याने या आठवड्यात आपल्या गावातील पाच माणसांची नावे लिहून प्रारंभ करावा, अशी आमची त्यास प्रेमाची विनंती आहे.